टाकी रिकामी करू नका

साहेब, तुम्ही टाकीपर्यंत गेलाच नाहीत.

पाण्याची तपासणी करायला आलात आणि कंपनीच्या ऑफिसात बसलात. एसीत. लिंबूसरबत प्यायलात, फाइल उघडली, सही केली, शिक्का मारला. टाकी तिथून चाळीस पावलांवर होती. मी मोजलीत. तेवढी चालला असतात तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

तुमच्या कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. घाबरून नाही. तुम्हाला पहिल्याच ओळीत कळलंय की हे कुणाला आहे. तेवढं बस.

भुताखेतांच्या या पेजवर लोक घाटातल्या बायका आणि झाडावरचे आवाज लिहितात. मला त्यातलं काही माहीत नाही. मला माहीत आहे ते दिवसाढवळ्या घडलं. रविवार, २ जून. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. शिरवण्याच्या मागे कारखान्यांचा पट्टा आहे, तिथल्या एका कंपनीत. ऊन असं की लोखंडी जिन्याला हात लावता येत नव्हता. मी दारू पीत नाही. डोळे चांगले आहेत. शपथ घेणार नाही, कारण शपथेवर खोटं लिहून देणारी माणसं मी जवळून पाहिलीत.

कंपनीत केचप बनतो. सीझनला आंब्याचा पल्प. फळं धुतलेलं, भांडी खंगाळलेलं सगळं गोड-आंबट पाणी नाल्यात सोडता येत नाही. आधी ते साफ करायचं. त्यासाठी मागच्या बाजूला प्लांट आहे, आणि प्लांटमध्ये ती टाकी.

सोसायटीच्या पार्किंगएवढी लांब. पाच मीटर खोल. आत चहासारखं तपकिरी पाणी, आणि त्या पाण्यात अब्जावधी जिवाणू. आम्ही त्यांना बग म्हणतो. पाण्यातली साखर, गर, साली, जे असेल ते बग खातात. त्यांना फक्त हवा लागते. म्हणून टाकीच्या तळाला पाइपांचं जाळं असतं आणि ब्लोअर नावाचं मशीन त्यातून हवा सोडत राहतं. पाणी सारखं उकळल्यासारखं दिसतं.

हवा बराच वेळ बंद राहिली की बग मरायला लागतात. सगळे मेले तर नवीन तयार करायला महिना जातो. म्हणजे महिनाभर कंपनी बंद.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या फाइलीत नसेल.

त्या पाण्यात माणूस तरंगत नाही.

पाण्यात निम्मे बुडबुडेच असतात. त्यात पडलेला दगडासारखा खाली जातो. उपाय एकच. ब्लोअर बंद करायचा. बुडबुडे थांबले की पाणी पुन्हा पाणी होतं आणि माणूस वर येतो.

हे मला सिताराम दाजींनी सांगितलं होतं. सिताराम सोनकांबळे. माझ्या बहिणीचे, क्रांतीताईचे नवरे. मूळचे नांदेडकडचे. नऊ वर्षं त्या टाकीवर ऑपरेटर. मला कामाला त्यांनीच लावलं.

पहिल्या दिवशी टाकीवरच्या लोखंडी पुलावर उभं करून म्हणाले, "पवता येतं का, मेव्हणे?"

"येतं."

"हितं नाही येत. हितं माशालाबी येत नाही."

ब्लोअरच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. म्हणून दाजी पान्याने रेलिंगवर ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे ब्लोअर बंद कर. दोन म्हणजे चालू.

"आणि तीन?" मी विचारलं.

"तीन म्हणजे चहा सांग."

असा माणूस होता.

रविवार, १२ मे. साप्ताहिक सुट्टी होती. एरवी रविवारी वीज वाचवायला कंपनी ब्लोअर सहा-सहा तास बंद ठेवायची. नियमात बसत नाही, पण तुम्ही कधी विचारलं नाहीत. त्या दिवशी मात्र शनिवारी पल्पचं भरपूर पाणी आलेलं, म्हणून ब्लोअर चालू होता. प्लांटवर दाजी एकटे. प्लांटचे इनचार्ज नंदकुमार साहेब पुढच्या ऑफिसात. तिसरं कुणी नाही.

दाजी घरी आले नाहीत.

सोमवारी सकाळी मी प्लांटवर गेलो. पॅनल रूममध्ये दाजींचा डबा उघडा पडलेला. भाकरी अर्धी खाल्लेली. पुलाच्या मधोमध त्यांचा पाना.

आणि तिथलं रेलिंग...

तिथलं रेलिंग वर्षभर तुटलेलं होतं. नायलॉनच्या दोरीने बांधलेलं. दाजींनी तीनदा लिहून दिलं होतं. सोमवारी सकाळी आठ वाजता तिथे नवा पाइप वेल्ड केलेला होता.

पिवळा रंग अजून ओला होता. माझ्या बोटाला लागला.

मी नंदकुमार साहेबांकडे गेलो. नेरूळला स्वतःचा फ्लॅट, मुलगी इंजिनीअरिंगला, कपाळाला गंध, बोलणं एकदम गोड.

"सिताराम दोन पाचला आउट झाला," ते म्हणाले. "रजिस्टर बघ. सही आहे."

सही होती. इंग्लिशमध्ये.

दाजींनी आयुष्यात कधी इंग्लिशमध्ये सही केली नव्हती.

"साहेब, टाकी बघू या. ब्लोअर बंद करा तासभर."

"संघर्ष," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माणूस घर सोडून जातो. होतं असं. त्याच्यासाठी मी माझे बग मारू?"

त्या दिवसापासून पॅनलवर कागद चिकटवला गेला. ब्लोअर एक मिनिटही बंद ठेवू नये. रविवारीसुद्धा नाही.

जी कंपनी सुट्टीच्या दिवशी विजेसाठी हवा तोडायची, ती आता चोवीस तास हवा देत होती.

का, ते मला कळत होतं. हवा चालू आहे तोवर काही वर येणार नव्हतं.

चौकीवर 'बेपत्ता' अशी नोंद झाली. कंपनीचा कॅमेरा नेमका त्या दिवशी बंद होता. दाजींची शिफ्ट मला दिली. मी घेतली. ताई खांदेश्वरला भाड्याच्या खोलीत दारात बसून असायची, आणि मी तिला सांगितलं होतं की मी तिथेच थांबतो, काहीतरी कळेल.

तिला एकच गोष्ट हवी होती. "संघर्ष, मी पुण्यानुमोदन करू का वाट बघू, तेवढं सांग." पुण्यानुमोदन आम्हा बौद्धांत माणूस गेल्यावर करतात, जिवंत माणसाचं करायचं नसतं. मेलेल्याचं टाळायचं नसतं. ती मधेच लटकलेली.

कळलं ते असं.

रोज सकाळी टाकीतलं एक लिटर पाणी काचेच्या उंच नळकांड्यात भरून अर्धा तास ठेवायचं. बग खाली बसतात, वर नितळ पाणी राहतं. किती बसले त्यावरून टाकीची तब्येत कळते. हे काम लॅबमधल्या मोनालीचं. मंगळवारी तिने नळकांडं उजेडात धरलं.

"संघर्षदादा, हे बघा. असा माल मी कधीच बघितला नाही. बग एकदम खुश आहेत."

"उत्पादन तर रविवारपासून बंद आहे. आंब्याचा ट्रक अडकलाय."

"हो ना. मग यांनी खाल्लं काय..."



तिने नळकांडं खाली ठेवलं. नळाखाली हात धुतले. बराच वेळ धूत राहिली. नंतर माझ्याकडे तिने कधी सरळ बघितलं नाही.

तुम्ही आलात ते त्याच दुपारी. तुमच्या अहवालात लिहिलंय, 'जैविक प्रक्रिया उत्कृष्ट.' साहेब, नळकांड्यातला आकडा कशामुळे वाढला, विचारलंत का?

दुसरी खूण हिरामणने दाखवली. हिरामण सारसोळ्याचा, कंपनीत फिटर. त्याचे वडील अजून खाडीत होडी घालतात. तो पुलावर उभा राहून खाली बोट दाखवत होता.

"संघर्ष, ती जागा बघ."

सगळी टाकी उकळत होती. सगळीकडे फेस. नव्या पिवळ्या पाइपच्या बरोबर खाली मात्र एक जागा... गुळगुळीत. एकही बुडबुडा नाही. साधारण माणूस आडवा मावेल एवढी.

"खाली कायतरी हाय," हिरामण म्हणाला. "हवा अडते."

"काय असेल?"

"मना नको विचारू. तुला ठाव हाय, मना ठाव हाय." तो निघाला. जाता जाता म्हणाला, "साल्यांनी खाडीतली मासली मारली तवा पन असंच गप होते."

दुसऱ्या दिवशी ती जागा तिथे नव्हती.

चार हात पुढे होती. पॅनल रूमच्या दिशेने.

तिसऱ्या दिवशी आणखी चार हात.

पाइपांचं जाळं तळाला बोल्टने बसवलेलं असतं. ते हलत नाही. मी रोज पुलावर खडूने रेघ मारायचो. रोज जागा रेघेच्या पुढे. ३१ मेला ती पॅनल रूमच्या खिडकीखाली येऊन थांबली. बरोबर तिथे, जिथून ब्लोअरचं बटण दिसतं.

आता २ जून.

सुट्टी. प्लांटवर मी एकटा. पॅनल रूमच्या दारापाशी, पुलावर बसून मी टाकीत मीटर सोडला होता. बॅटरीवरचा असतो. पाण्यात हवा किती मुरलीय ते दाखवतो. दोनचा आकडा चांगला. शून्य म्हणजे बग गुदमरतायत. दाजी म्हणायचे, शून्य दिसला की विचार करायचा नाही, आधी हवा.

दोन दहाला लाइट गेली.

ब्लोअर घरघरत थांबला.

तीन आठवड्यांनी पहिल्यांदा तिथे शांतता झाली. ऊन खाऊन पाइप टिक टिक वाजत होते. लांब हायवेवर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. कठड्यावर रोज साळुंक्या असायच्या. एक नव्हती.

जनरेटरची चावी नंदकुमार साहेबांकडे. मी काही करू शकत नव्हतो. बसून राहिलो.

फेस विरला. बुडबुडे थांबले. पाणी सपाट झालं. मीटरचा आकडा उतरत गेला. दीड. एक. अर्धा.

शून्य.

मग...

शून्य पॉइंट चार.

शून्य.

पुन्हा पॉइंट चार.

हवा बंद असताना आकडा वर जात नाही. जाऊच शकत नाही. मी मीटर झटकला. पुन्हा सोडला. वर. खाली. वर. खाली.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी त्याच्याबरोबर श्वास घेतोय.

तोवर गाळ बसायला लागला होता. नळकांड्यात बसतो तसाच. वर आधी चार बोटं नितळ पाणी. मग वीतभर. मग हातभर. त्या टाकीच्या आत मी दोन वर्षांत कधी बघितलं नव्हतं. रविवारी हवा बंद असायची तेव्हा ड्यूटी दाजींची असायची, आणि एरवी बघता येतच नाही. आता दिसत होतं. नितळ पाणी आणि त्याच्याखाली तपकिरी गाळाची सपाट जमीन, हळूहळू खाली चाललेली.

खिडकीखाली मात्र गाळ खाली जात नव्हता.

तिथे तो वर येत होता.

आधी एक फुगवटा. डोक्याएवढा. मग त्याच्या बाजूला दुसरा, लहान. त्या लहान फुगवट्यातून पाच बारीक रेषा निघाल्या... आणि एकेक करून सरळ झाल्या.

मी ओरडलो नाही. मी म्हणालो, "दाजी?"

ठण्ण.

रेलिंगवर. माझ्या पाठीमागे.

एक ठोका.

मी वळलो. पुलावर कुणी नव्हतं. रेलिंगच्या पाइपवर हात ठेवला. उन्हात तापायला हवा होता. पाइप बर्फासारखा गार होता, आणि थरथरत होता.

तेवढ्यात पॅनलवर लाल दिवा लागला. लाइट आली होती. ब्लोअर आपोआप सुरू होत नाही. हिरवं बटण दाबावं लागतं.

माझा फोन वाजला.

"लाइट आली ना?" नंदकुमार साहेब. "ब्लोअर चालू कर. आणि पाण्याकडे बघू नकोस."

मी त्यांना पाण्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

"साहेब, इथे..."

"मी विचारलं का काही? बटण दाब. तुझी बहीण राहते ना खांदेश्वरला? एक पगार गेला घरातला. दुसरा पण घालवायचाय?"

ठण्ण.

पुन्हा एकच.

रेषा आता पाण्याच्या अगदी वरच्या थराला टेकत आल्या होत्या. वीतभर राहिलं होतं. वीतभर. मी पुलावर पालथा पडून हात खाली सोडला असता तर...

मीटर शून्यावर होता. फोनमध्ये साहेब श्वास घेत होते. नऊ वर्षं ज्याने टाकी सांभाळली त्याने मला शिकवलेलं, शून्य दिसला की आधी हवा. माझा हात त्याच सवयीने गेला, असं मी स्वतःला सांगतो.

खोटं आहे ते. ठोका एकच होता. मला त्याचा अर्थ कळला होता.

मी बटण दाबलं.

ब्लोअर किंचाळत सुरू झाला. तळातून हवा उसळली. नितळ पाणी एका क्षणात तपकिरी झालं. पाच रेषा एकदा मिटल्या. मूठ वळावी तशा.

मग खाली गेल्या.

मीटर वर चढला. एक. दीड. दोन.

"झालं?" साहेब म्हणाले. "गुड. चहा घे."

संध्याकाळी मी ताईला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. रडली नाही. परात बाजूला सारली.

"ठोका किती होता?"

"एक."

"एक म्हणजे बंद," ती म्हणाली. "मला पण माहीत आहे. घरात मिक्सर चालू असला की ते ओट्यावर एकदा मारायचे. बोलायचे नाहीत. एकदा मारायचे."

तिने हाताची कणीक पुसली.

"मग तू चालू का केलंस?"

त्यानंतर तिने दुसरं काही विचारलं नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची. माझ्याशी बोलायची नाही. तिचं चुकलंय असं मला वाटत नाही.

मी तुमच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. टाकी रिकामी करा, नाहीतर तासभर हवा तरी बंद करा. सतरा दिवसांनी तुमचं पत्र आलं. घडी करून पाकिटात ठेवलंय, पाठ झालंय. 'सदर टाकी रिकामी केल्यास जैविक प्रक्रिया खंडित होऊन प्रदूषणाचा धोका संभवतो. सबब टाकी रिकामी करू नये.'

प्रदूषण. म्हणजे तुमच्या कागदावर तो माणूस एवढाच.

त्याच आठवड्यात मला कामावरून काढलं. मी वाद घातला नाही. टाकी तर तिथेच आहे, जाऊन जाऊन कुठे जाणार, असं मला वाटत होतं.

तिथेच मी मूर्ख ठरलो.

जुलैत हिरामणचा फोन आला. आवाज बसलेला.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना सांगतो. नवीन प्लांट सुरू करताना बग शून्यातून वाढवत बसत नाहीत. ज्या प्लांटचा गाळ चांगला असेल त्याच्याकडून टँकर भरून आणतात आणि नव्या टाकीत ओततात. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं, तसं. आमच्या टाकीचा गाळ तर पट्ट्यात नावाजलेला झाला होता. तुमचाच दाखला होता, उत्कृष्ट म्हणून.

"चार टँकर नेले," हिरामण म्हणाला. "दोन तलोज्याला, दोन तुर्भ्याला. दोन्हीकडे पाइप जोडाया मीच होतो."

"मग?"

"नव्या टाक्या हाईत, संघर्ष. कोऱ्या. तलाला जाली मी सोता बसवलीय, एकेक भोक तपासून. खाली काय नाय. मी उतरून बगितलंय, काय पन नाय."

 मागे कुठेतरी ब्लोअर चालू होता.

"तरी एका जागेला फेस येत नाय," तो म्हणाला. "मानूस मावंल येवढी जागा. दोन्हीकडं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आनि सरकते."

साहेब, मी अडाणी माणूस. बारावी नापास. काय आहे हे, मला सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही. मी फक्त पाहिलं ते लिहिलं. शिरवण्याच्या रस्त्याने रिक्षातून जाताना अजून तो ब्लोअर ऐकू येतो. मी कान बंद करतो. पाच बोटं मिटताना दिसतात.

पण ताईने काल दीड महिन्यांनी तोंड उघडलं. तिने पुण्यानुमोदन करायचं ठरवलंय. फोटो काढून आणलाय, मेणबत्त्या आणल्यात. तिला एकदा त्या पाण्यासमोर उभं राहून वंदना म्हणायचीय. मला म्हणाली, "घेऊन चल."

आता तीन टाक्या आहेत. मला माहीत असलेल्या तीन. त्या दोन टाक्यांतून पुढे कुणी टँकर भरून नेले असतील तर ती नोंद तुमच्याकडे असते, तुमच्या परवानगीशिवाय गाळ हलत नाही.

तेव्हा सिताराम सोनकांबळे आजच्या तारखेला किती टाक्यांमध्ये आहे, आणि माझ्या बहिणीने त्यातल्या कुठल्या टाकीसमोर उभं राहायचं?

लेखी उत्तर द्या.